हौस ते पेशा: एका ड्रमरच्या तयारीच्या नोंदी

६ जून

काम सुरू. विद्यार्थिनी शाळेत असल्यापासून ड्रम वाजवते, आता यावरच पोट भरायचं म्हणते. हात चांगला, हौस भरपूर. पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "एक अख्खं गाणं वाजव. साथीला काही लावायचं नाही." वाजवलं, रेकॉर्ड केलं, मग मोजून पाहिलं. सुरुवात मिनिटाला ९६ ठोक्यांची, शेवट १०४ चा. प्रत्येक फिलमध्ये (ठेक्याच्या मधे भरलेल्या छोट्या सजावटीत) लय थोडी चढते आणि चढलेली पुन्हा उतरत नाही. फिल मात्र देखणे आहेत, त्याबद्दल वाद नाही.

९६ ला एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा, १०४ ला साधारण ५७७ चा. आकड्यात फरक क्षुल्लक दिसतो, पण गाणाऱ्याला दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला जी जागा लागते ती याच फरकात जाते. तिला हे पटलं नाही. "सर, गाणं रंगलं की लय थोडी वाढणारच ना?" वाढते, आणि चांगल्या बँडमध्ये ती सगळ्यांची मिळून वाढते. इथे ती एकटीच पुढे जाते.

डिसेंबरपर्यंतची मुदत ठरवली. तोवर तिला अनोळखी बँडबरोबर बसता आलं पाहिजे, स्टुडिओत क्लिकवर (लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर) वाजवता आलं पाहिजे, आणि कामाचे पैसे न लाजता मागता आले पाहिजेत. तिसरं सगळ्यांत अवघड जाईल असा माझा अंदाज.

९ जून

आज काड्या हातात घेतल्याच नाहीत. सुरुवात कशी झाली ते विचारत बसलो. दोन पेन्सिली, सोफ्याच्या उशा आणि हेडफोन. किट, म्हणजे ड्रमचा पूर्ण संच, पुष्कळ नंतर आलं.

नावाजलेल्या ड्रमरांतही बऱ्याच जणांचं असंच असतं. बीटल्सचा रिंगो स्टार लहानपणी क्षयरोगासाठी आरोग्यधामात होता, तिथल्या मुलांच्या वाद्यवृंदात तो दोऱ्याच्या रिळाने पलंगाशेजारचं कपाट बडवायचा. रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सने बँजोची मान काढून टाकली, उरलेली थाळी स्टँडवर ठेवली आणि तिच्यावर तारांचे ब्रश चालवले. कॅरन कार्पेंटर शाळेच्या बँडमध्ये ग्लॉकनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवत होती, ड्रमकडे वळली ती तिथूनच. स्टीव्ह गॅड टॅप डान्स करायचा. उलट टोकाला बडी रिच, जो चालायला शिकला तेवढ्यात रंगमंचावरही आला. पण बहुतेकांच्या अंगात ताल आधी होता, वाद्य मागून आलं.

तिला गाण्यांची यादी करायला सांगितली, ज्यांच्यावर ती वर्षानुवर्षं वाजवत आली. पानभर झाली. ही तिची खरी पुंजी: कडवं कुठे संपतं, कोरस कुठे उघडतो, हे तिला मोजावं लागत नाही. पण रेकॉर्डवर वाजवताना लय सांभाळायला एक ड्रमर आत आधीच बसलेला असतो. आपण त्याच्या खांद्यावर बसून फिरतो आणि वाटतं, चालतोय आपण. त्या खांद्यावरून आता खाली उतरायचं आहे. ६ जूनचं रेकॉर्डिंग का पळालं त्याचं उत्तर हेच.

१४ जून

क्लिक. मिनिटाला ६०. प्रत्येक ठोक्याला एक सेकंद, सोळाव्या भागाला पाव सेकंद. तिला हा वेग अजिबात आवडत नाही, आणि तेच बरोबर लक्षण आहे. वेगात दोन ठोक्यांमधली जागा हात भरून काढतात. ६० ला ती जागा रिकामी राहते आणि मनातल्या मनात मोजल्याशिवाय पार होत नाही.

क्रम असा ठेवला आहे. आधी चारही मात्रांवर क्लिक. मग फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मग चार मात्रांत एकदाच. शेवटी चार बार (चार मात्रांचा एक बार) क्लिक चालू, चार बार बंद, आणि परत चालू होताना ती पहिल्या मात्रेवर सापडली पाहिजे. तिसऱ्या पायरीपर्यंत ठीक गेलं. क्लिक बंद केल्यावर ती दर वेळी लवकर पोचली. उशिरा एकदाही नाही. म्हणजे दोष एकाच बाजूचा आहे, आणि एकाच बाजूचा दोष काढायला सोपा.

तोंडाने "एक-इ-अँड-अ" (एका ठोक्याचे चार भाग) म्हणत वाजवायला लावलं. लाजली, पण आवाज चालू असेपर्यंत लय जागची हलली नाही.

२१ जून

हातांचा दिवस. मनगट दुखतं अशी तक्रार होती. पाहिलं तर अंगठा आणि तर्जनी काडी इतकी आवळतात की नखं पांढरी पडतात. काडी उसळायला जागाच नाही, मग प्रत्येक ठोका हाताने उचलून मारावा लागतो. आधी सरावाच्या पॅडवर काडी नुसती टाकायला सांगितली: टाक, उसळू दे, मोजू नकोस. स्नेअरचं, म्हणजे समोरच्या मुख्य ड्रमचं, ताणलेलं हेड (वरचा पडदा) अर्धं काम स्वतःच करतं, ते त्याला करू द्यायचं. अंगठा आणि तर्जनीत काडीला हलका टेकू, बाकीची बोटं सैल.

तिने विचारलं, डाव्या हाताची ती जुनी, तळवा वर करून धरायची पकड शिकायची का. ती पकड आली लष्करी ढोलावरून. ढोल पट्ट्याने कमरेला अडकवलेला, एका बाजूला कललेला, त्यावर डावा हात सरळ पोचत नाही. आज स्नेअर स्टँडवर समोर असतो, त्यामुळे ती गरज उरलेली नाही. जाझमध्ये अनेक जण अजून आवडीने वापरतात. आपण दोन्ही हातांची सारखीच पकड ठेवणार.

रुडिमेंट्स, म्हणजे काड्यांचे पायाभूत बोल. अमेरिकेतल्या ड्रमरांच्या संघटनेने १९३३ पासून जी यादी रुळवली ती २६ ची झाली, पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये ती ४० वर नेली. चाळीसच्या चाळीस घोटून घेणारे शिक्षक आहेत. माझ्या मते कामाला लागलेल्या माणसाला पाच-सहा पक्के असले की बाकीचे गरजेप्रमाणे येतात. सध्या सिंगल (हात आलटून-पालटून), डबल (प्रत्येक हाताचे दोन-दोन), पॅराडिडल, फ्लॅम (मुख्य ठोक्याला लागून आधी एक हलका), आणि पाच ठोक्यांचा रोल. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. डावा हात डबलमधला दुसरा ठोका गिळतो. हळू, आणखी हळू.

रश बँडच्या नील पर्टचा किस्सा सांगितला. जगभर नाव झालेलं असताना, १९९० च्या दशकात, तो फ्रेडी ग्रूबर या शिक्षकाकडे गेला आणि हातांची हालचाल, बैठक सगळं नव्याने मांडलं. तिचा प्रश्न: "त्या वेळी त्याला काय गरज होती?" उत्तर दिलं नाही, पॅडकडे बोट दाखवलं.

२४ जून

फक्त पॅड. नोंदवण्यासारखं काही नाही.

३ जुलै

आता ठोक्यांचा कमी-जास्त जोर. आतापर्यंत तिचे सगळे ठोके एकाच जोराचे होते: बॅकबीट (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर) दणदणीत, मधले घोस्ट नोटही जवळपास तेवढेच. घोस्ट नोट म्हणजे काडी हेडपासून जेमतेम इंचभर वर, नुसती टेकवून सोडायची. कान त्या वेगळ्या ऐकत नाही, पण काढून टाकल्या तर ग्रूव्ह (ठेक्याची चाल) कोरडा पडतो.

नमुन्याला ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल (तिहेरी विभागणीचा झुलता ठेका) घेतला, आणि त्यावरून टोटो बँडच्या जेफ पॉर्कारोने १९८२ च्या 'रोझॅना'त केलेला हाफ-टाइम (बॅकबीट निम्म्या वेगाने येणारा) शफल. पॉर्कारोने स्वतः दाखवलं होतं की त्यात पर्डीची चाल आहे, लेड झेपलिनच्या जॉन बोनमची आहे, आणि पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमवर गिटारवादक बो डिडलीचा ठोका. आयत्या तीन गोष्टी एकत्र आणून त्याने स्वतःची बनवली. आमच्याकडे अजून तिहेरी विभागणीच्या मधल्या ठोक्यावर डावा हात अडखळतोय.

एक युक्ती कामाला आली. फोन बाहेरच्या खोलीत ठेवून दार लावून रेकॉर्ड केलं. भिंतीपलीकडे काय पोचतं ते ऐकलं: बेस ड्रम, स्नेअर, आणि हाय-हॅटचा (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीचा) नुसता खळखळाट. तिला हाय-हॅट मऊ वाटत होती. पलीकडून ऐकताना गाण्यातला निम्मा आवाज तीच खात होती. काडीच्या बाजूने कडेवर मारायची सोडून टोकाने वरच्या पृष्ठभागावर मारली, आणि स्नेअर आपोआप मोठा झाला.

१२ जुलै

कान. यात तडजोड नाही. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या, अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत किट वाजवताना १०० सहज ओलांडलं जातं. रिमशॉट (हेड आणि कड एकदम मारणं) तर कानाजवळ फुटतो.

"कानात बोळे घातले की झांजा मेल्यासारख्या वाटतात," ती म्हणाली. कापसाने आणि स्वस्त फोमने तसंच होतं, वरचे सूर जास्त कापले जातात आणि सगळं चिखलात बुडाल्यासारखं येतं. संगीतकारांसाठी गाळणीचे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखे खाली आणतात. मेटॅलिकाच्या लार्स उल्रिकला कानात सतत आवाज येण्याचा त्रास आहे, आणि तो त्याबद्दल उघड बोलतो. तिला त्याचं नाव माहीत होतं, हे माहीत नव्हतं.

नियम: इअरप्लग नसेल तर वर्ग नाही.

२८ जुलै

ट्यूनिंगला पूर्ण दुपार. १४ इंची स्नेअर, १० लग (हेड ताणणारे स्क्रू बसतात त्या जागा). आतापर्यंत तिने एकदाही चावी लावली नव्हती, दुकानातून आला तसाच वाजत होता. हेड काढलं, कड पुसली, नवं चढवलं, आधी बोटांनी सगळे स्क्रू लागतील तेवढे फिरवले. मग समोरासमोरच्या जोड्या, प्रत्येकी अर्धा फेरा. एकाच बाजूने फिरवत गेलं तर हेड कलतं आणि नंतर कितीही फिरवलं तरी सूर जुळत नाही.

प्रत्येक लगपासून इंचभर आत हलकेच टिचकी मारून ऐकायचं. सातव्या लगपाशी सूर खाली होता. तिने तोच लग ताणला, आणि समोरचा वर गेला. हे समजायला वेळ लागला: एक लग एकटा नसतो, त्याचा ताण समोरच्यावर जातो. दोन्ही थोडे-थोडे. मग खालचं हेड, जे बरंच पातळ असतं, वरच्यापेक्षा चढं ठेवलं.

ती म्हणाली हेडच्या कातडीला पावसाळ्याचा त्रास होत नाही का. पूर्वी व्हायचा, तेव्हा वासराचं कातडं असायचं, दमट हवेत सैल पडायचं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायलरचं प्लॅस्टिक आलं आणि ही कटकट संपली.

९ ऑगस्ट

वाचन. हे तिला मुळीच नको होतं. "बडी रिच तर नोटेशन वाचत नव्हता!" खरं आहे. दुसऱ्या ड्रमरला रचना एकदा वाजवायला लावून तो ऐकायचा आणि मग स्वतः बसायचा. पण तो बडी रिच होता, आणि त्याला ऐकवायला दुसरा ड्रमर हजर असायचा. हॅल ब्लेनसारख्या, स्टुडिओतल्या सत्रांवर जगणाऱ्यांना रोज नवीन गाणं, नवी मंडळी, आणि घड्याळ चालू.

पूर्ण नोटेशन आजच नको. एका पानावर गाण्याचा नकाशा: सुरुवात ४ बार, कडवं ८, कोरस ८, पुन्हा कडवं, पूल (ब्रिज, मधला वेगळा भाग), थांबा कुठे, सगळ्यांनी मिळून मारायचे ठोके कुठे. फक्त ठोक्यांच्या जागी नोटेशन. तिने एक गाणं ऐकत-ऐकत उतरवलं, दुसऱ्यांदा कागदावरून वाजवलं. कडव्यानंतरचा दोन मात्रांचा रिकामा बार तिच्या यादीत नव्हता. इतकी वर्षं ते गाणं पाठ होतं, तरी.

२३ ऑगस्ट

ओळखीच्या तीन वादकांबरोबर पहिली तालीम. मी कोपऱ्यात बसलो, बोललो नाही. दुसऱ्या गाण्यानंतर बेसवाल्याने आडपडदा न ठेवता सांगितलं: "छान आहे, पण माझी पहिली मात्रा दिसत नाही. तुझा बेस ड्रम आणि माझी तार एकत्र पडली पाहिजे, नाहीतर दोघांपैकी एक जण उगाच आहे." तिने बेस ड्रमचे जास्तीचे ठोके काढले. तिसऱ्या गाण्यात फिल निम्मे केले. चौथ्यात बेसवाला मान हलवायला लागला, आणि गायिका पहिल्यांदा डोळे मिटून गायली.

परतताना ती नाराज. "मग मी काय केलं? नुसता ठेकाच दिला." अख्खी तालीम बाकीचे तिघं तिच्याकडे बघत नव्हते, कारण बघायची गरज पडत नव्हती. यात तिचं किती काम होतं हे तिला आज सांगून पटणार नाही.

६ सप्टेंबर

मनात राहिलेला प्रश्न तिने काढला: आपल्याऐवजी दुसऱ्याला बसवलं तर? बीटल्सच्या 'लव्ह मी डू'चं उदाहरण घेतलं. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये एक सत्र रिंगोचं झालं, आठवड्याने निर्मात्यांनी सत्र-ड्रमर अँडी व्हाइटला बोलावलं, आणि रिंगोच्या हाती डफली दिली. जून महिन्यात आधीच्या ड्रमरचंही एक रेकॉर्डिंग झालं होतं. आता गंमत अशी की सुरुवातीच्या सिंगलवर रिंगोचा टेक (एका बैठकीतलं रेकॉर्डिंग) आहे, अल्बमवर व्हाइटचा. रिंगोला ते बराच काळ लागलं, हे त्याने नंतर सांगितलं. पण पुढे त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

यावर आमचं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, हा अपमान आहे. माझं, निर्मात्याला त्या दिवशी त्या खोलीत एक विशिष्ट टेक हवा असतो, त्यात व्यक्तीचा निवाडा नसतो. अर्थात हे बाहेरून म्हणायला सोपं.

यंत्रांचंही बोललो. १९८० मध्ये खऱ्या ड्रमचे आवाज साठवणारं लिन एलएम-१ आलं तेव्हा अनेक ड्रमर धास्तावले होते. काही जण ते प्रोग्रॅम करायला शिकले आणि कामात राहिले. इलेक्ट्रॉनिक पॅडवर आवाज भरणं, गाण्यात लूप (पुन्हा-पुन्हा वाजणारा तुकडा) सोडून त्यावर जिवंत वाजवणं, हे तिला शिकवायचं आहे. आपल्या यादीत नव्हतं, आता घातलं.

२० सप्टेंबर

स्टुडिओ. सकाळी किट लावून माइक ठेवेपर्यंत बराच वेळ गेला, वाजवायला मिळालं तेव्हा ती थोडी गारठली होती. हेडफोनमध्ये क्लिक, मार्गदर्शक गिटार आणि गाणं. पहिल्या टेकला क्लिक इतकी मोठी ठेवली की तिला स्वतःचा स्नेअर ऐकू येईना, आणि ती जोराने मारायला लागली. दुसऱ्या टेकला क्लिक खाली, बेस वर. मग हात मोकळा झाला.

ध्वनितंत्रज्ञाने एकच गोष्ट पुन्हा-पुन्हा मागितली: पहिल्या आणि दुसऱ्या कडव्यात स्नेअर एकाच जागी, एकाच जोराने लागू दे. ठोका हेडच्या मध्यापासून दोन बोटं सरकला की आवाज बदलतो, मग टेक एकमेकांना जोडता येत नाहीत. घरी हे कधी लक्षात आलं नव्हतं. हेडच्या मध्यावर पेन्सिलीने बारीक खूण केली, आणि ती डोळ्याने न बघता हाताने शोधायची असा सराव सुरू.

शेवटचा क्रॅश (मोठ्या झांजेचा ठोका) विरत असताना हेडफोनमधली टिकटिक माइकला लागली, गाण्याच्या शेपटीला बारीक खट-खट. तंत्रज्ञाने सांगितलं, शेवटच्या ठोक्यानंतरही थोडा वेळ क्लिक चालू असते, तोवर हेडफोन कानावरून ढळू देऊ नकोस आणि खुर्चीत हलू नकोस. स्टूलही करकरला. तो टेक फुकट गेला, पुन्हा घेतला.

४ ऑक्टोबर

व्यवहार. पाने भरली. थोडक्यात: तालीम वेगळी, कार्यक्रम वेगळा, स्टुडिओ वेगळा, प्रत्येकाचा दर वेगळा आणि आधी लेखी ठरलेला. कार्यक्रम रद्द झाला तर काय. प्रवासाचा खर्च कोणाचा. रेकॉर्डिंगला एकरकमी पैसे की पुढच्या कमाईत वाटा, आणि नाव कुठे येणार. तिने एक लेखी नमुना तयार केला. पैशांच्या ओळीवर तिची लेखणी थांबते, मग "जे योग्य वाटेल ते" असं लिहिते. खोडायला लावलं.

सोबत नेण्याची पेटी: चावी, जादा काड्या, स्नेअरचं हेड, पेडलची स्प्रिंग, टेप, गालिचा. गालिचा नसेल तर बेस ड्रम प्रत्येक गाण्यात इंच-इंच पुढे सरकतो आणि शेवटी ड्रमर पाय ताणून बसलेला असतो.

आणि शिकवण्या. बहुतेकांचं घर यावर उभं असतं, हे ऐकून ती हिरमुसली. वाजवणं आणि शिकवणं यांत कमी-जास्त काही नाही, पण तिची समजूत काढायची माझी इच्छा आज नव्हती.

२५ ऑक्टोबर

एका बँडचा ड्रमर आजारी पडला, दोन दिवसांवर कार्यक्रम. तिला बोलावणं. गाण्यांचे नकाशे रात्रीत तयार केले, प्रत्येक गाण्याचा वेग कोपऱ्यात लिहिला. तालीम एकच. कार्यक्रमात एका गाण्यात गायक पूल विसरला आणि थेट कोरसवर गेला. तिने कागदाकडे बघणं सोडून गायकाकडे बघितलं, क्रॅश मारला आणि त्याच्याबरोबर गेली. बेसवाला अर्ध्या बारात मागे आला. प्रेक्षकांना काही कळलं नसावं.

बँडच्या प्रमुखाने पुढची तारीख दिली. तो दिवस आधीच दुसऱ्याला दिला आहे म्हणून तिने नाही सांगितलं, आणि एका ओळखीच्या ड्रमरचा फोन नंबर दिला. दर स्वतःहून सांगितला, न अडखळता.

२९ नोव्हेंबर

शनिवारच्या संथ गाण्यांसाठी ब्रश हवेत. तिच्या स्नेअरवर गुळगुळीत हेड, त्यावर ब्रश घासला तरी काही ऐकू येत नाही, खरखरीत कोटेड हेड लागतं. चढवलं, पुन्हा ट्यून केलं. डावा हात हेडवर गोल फिरत राहतो, उजवा त्यावर टॅप करतो. उजवा टॅप करतो तिथे डावा क्षणभर थांबतो आणि सरकण्याचा आवाज तुटतो. दोन्ही हात वेगवेगळे वाजवून दाखवले. डाव्याचं गोल ६० च्या क्लिकवर, एका फेऱ्यात दोन मात्रा, उजवा अजून लावायचा नाही. मंगळवारी पुढे.